डबा कुठला, कॉम्प्युटर कुठला

माझ्या दुकानात 'डबा' या शब्दाला बंदी आहे. गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "काका, डबा आणलाय," की मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतो आणि म्हणतो, "कुठला डबा? बोट लावून दाखवा." लोकांना हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा वाटतो. एकाने तर "जेवणाचा" असं उत्तर देऊन मला गार केलं होतं. हसू द्या. शब्द माझ्या धंद्यातला आहे आणि त्याने काय केलं ते मला माहीत आहे.

दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या छापखान्यातले कॉम्प्युटर मी इतकी वर्षं जगवले, त्याची परतफेड म्हणून त्यांनी माझ्या मागे लेखाचा लकडा लावला. "गमतीजमती लिहा हो, लोकांना हसायला आवडतं." मी प्रयत्न केला. एक-दोन गमती आहेत, त्या आधी सांगून मोकळा होतो.

आधी धंदा काय तो सांगतो. भिंगारच्या बाजारात एका बोळात माझं दुकान आहे. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचो, मग कॉम्प्युटर आले तसा त्यात शिरलो. त्यातही माझा हातखंडा म्हणजे 'डिस्प्ले'. डॉक्टरकडे पेशंट जसा "अंगात कणकण आहे" एवढंच सांगतो, तसं आमच्याकडे येणारा माणूस "डिस्प्ले येत नाही" एवढंच सांगतो. म्हणजे बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, पण समोर काळोख. आता कॉम्प्युटर ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक समोरची काच, म्हणजे मॉनिटर. दुसरी बाजूला किंवा टेबलाखाली उभी असलेली लोखंडी पेटी. सगळं काम त्या पेटीत चालतं, सगळं साठवलेलंही तिच्यातच असतं. काच फक्त दाखवते. काळोख झाला की दोष काचेत असेल, मधल्या वायरीत असेल, नाहीतर पेटीत असेल. पेटीत रॅम नावाची एक पट्टी असते, तिला सोनेरी दात असतात. धुळीने आणि दमट हवेने त्या दातांवर थर धरतो. पट्टी काढायची, पोरांच्या खोडरबरने दात घासायचे, परत बसवायची. निम्म्याहून जास्त रोगी एवढ्यावर उठून बसतात. गिऱ्हाईकासमोर खोडरबर काढायची मला सुरुवातीला लाज वाटायची. पुढे वाटेनाशी झाली.

कोर्टाजवळ एक टायपिंगवाले होते. त्यांचा धंदा जोरात चालायचा, म्हणून नजर लागू नये यासाठी त्यांनी जुन्या, पाठीमागे ढेरी असलेल्या मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगली. त्या मॉनिटरला वरून हवेसाठी फटी असतात. लिंबू उन्हाने आणि आतल्या उष्णतेने सडलं, त्याचा रस फटीतून थेंब थेंब आत गेला आणि एक दिवस 'फट्' आवाज होऊन धूर आला. मी मागचं झाकण काढलं तर आत मिरचीच्या बिया. म्हटलं, "साहेब, नजर उतरली, पण डिस्प्लेही उतरला." ते म्हणाले, "बघा, म्हणजे नजर किती कडक होती!" नवीन मॉनिटर घेतला त्या दिवशीच त्यावर नवीन लिंबू लागलं.

दुसरी गंमत त्या वेळी गंमत नव्हती. ऐन गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून बोलावणं आलं. आत बसलेल्या कारकुनाला आकडा दिसत होता, पण बाहेर शेतकऱ्यांकडे तोंड केलेली स्क्रीन बंद पडली होती. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली, बैल उन्हात उभे. एक पागोटेवाला म्हातारा खिडकीवर काठी आपटून कारकुनाला विचारत होता, "आमाला दिसंना त्ये तुला कसं दिसतं रं?" मी मोटरसायकलवरून उतरलो तर कुणीतरी ओरडलं, "ह्योच त्यो, ह्यानंच बंद केलंय!" आणि माझ्या शर्टाची कॉलर गेली. उंदराने वायर कुरतडली होती, दुसरं काही नाही. वायर जोडली, स्क्रीन लागली, तरी लोक हटेनात. म्हातारा म्हणाला, "आधी ह्यालाच काट्यावर उभा करा." मी उभा राहिलो. काट्याने सांगितलेलं माझं वजन खरं का खोटं ते मलाही माहीत नव्हतं, पण आकडा समोर दिसल्यावर सगळे शांत झाले.

माणसाचा विश्वास जे दिसतं त्यावर असतो. मागे काय आहे ते कुणी बघत नाही. त्या दिवशी फाटकी कॉलर घेऊन घरी येताना मी यावर हसलो होतो. पुढची गोष्ट घडल्यावर नाही हसलो. ती सांगायची का नाही याचा मी पुष्कळ विचार केला. नावं सगळी बदलली आहेत आणि त्यांच्या गावाचं नाव सांगणार नाही.

भाऊसाहेब आणि कमलताई हे जोडपं एका सकाळी माझ्या दुकानात आलं. भाऊसाहेब घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे, म्हणजे बैल विकणारा आणि घेणारा यांच्यात उभं राहून सौदा जुळवून द्यायचे. उंच, काटक माणूस, खांद्यावर मोठा रुमाल, चेहऱ्यावरून आत काय चाललंय ते कळणार नाही असा. कमलताईंच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं होतं. वडापच्या जीपमध्ये ते टपावर ठेवू म्हटलं तर त्यांनी ठेवू दिलं नव्हतं, सगळा रस्ता मांडीवर घेऊन आल्या होत्या.

"शेठ, कॉम्प्युटर आणलाय," भाऊसाहेब म्हणाले. "दिसायचा बंद झालाय."

मी गोधडी सोडली. आत जुना ढेरीवाला मॉनिटर, पुसून लख्ख केलेला. पेटी नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही. पुष्कळ लोक मॉनिटरलाच कॉम्प्युटर म्हणतात आणि तेवढाच घेऊन येतात. मी चहा सांगितला आणि मॉनिटर साफ करता करता विचारलं, घरात कोण वापरतं. बोलल्या त्या कमलताई.

एकुलती एक मुलगी होती, वैशाली. गावातल्या लोकांचे पीकविम्याचे, परीक्षेचे फॉर्म ती घरी बसून भरून द्यायची. त्यासाठी बापाने तिला जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. हमरस्त्यावर स्कूटीवरून येताना टँकरने तिला उडवली. मोबाईल तिच्याबरोबरच चिरडला गेला. पण जायच्या आधी तिने मोबाईलमधला एक व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवला होता. पोळ्याचा. भाऊसाहेब बैलाच्या शिंगांना रंग देताहेत, आणि वैशाली मोबाईल धरून त्यांना हाका मारते आहे. मग ती मोबाईल स्वतःकडे वळवते आणि हसत सुटते.

"'अप्पा, हिकडं बघा. अवो बैलाकडं काय बघता, लेकीकडं बघा की!'" कमलताईंनी तिच्यासारखं म्हणून दाखवलं आणि लगेच मान हलवली. "आसं न्हाई. तिचं येगळं हुतं."

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की दोघं तो व्हिडिओ बघायचे. कुठलं बटण दाबायचं, कुठे दोनदा टिचकी मारायची हे भाऊसाहेब शिकले होते. आणि एके संध्याकाळी बटण दाबलं तर काळोख.

"फोटू हायेत आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "भितीवर हाय, पावन्यांच्या मोबाईलमधी हायेत. पर बोलती पोरगी ह्यातच हाय. भाऊ, तिचे शबूद माझ्या ध्यानात हायेत, पर आवाज चाललाय. सकाळी उठते तर आठवत न्हाई. लवकर चालू करा."

मी म्हटलं, करू. मनातून मी खुशीत होतो, हेही सांगून टाकतो. असली कामं वर्षातून एखादी येतात आणि ती केल्यावर महिनाभर बरं वाटतं.

तपासायचा पहिला नियम असा, की संशयित वस्तू एखाद्या चांगल्या वस्तूला जोडून बघायची. मी त्यांचा मॉनिटर माझ्या दुकानातल्या पेटीला जोडला आणि बटण दाबलं. जुने मॉनिटर लागताना 'धप्प' असा आवाज करतात, मग काच हळूहळू तापून चित्र वर येतं. चित्र आलं. स्वच्छ, जराही न थरथरता. मॉनिटरमध्ये काहीच बिघाड नव्हता.

"आलं! अवो, आलं!" कमलताई स्टुलावरून उठल्याच. काचेपर्यंत वाकल्या आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आता हितं दाबा. वैशूवर दाबा."

"कुठं?"

"हितं. पिवळी पिशवी हुती की. तिचं नाव हाय पिशवीवर."

फोल्डरचं चित्र पिवळं असतं. पिवळी पिशवी म्हणजे काय ते मला कळलं. माझ्या कॉम्प्युटरवरही पिवळ्या पिशव्या होत्याच, बिलांच्या आणि कसल्या कसल्या. त्या एकेकीवर बोट ठेवत गेल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"ह्या आमच्या न्हाईत. भाऊ, तुमी पुसलं का?"

"नाही ताई, पुसलं नाही. हे माझ्या पेटीतलं दिसतंय. तुमचं तुमच्या पेटीत. तुमचा डबा कुठंय? लोखंडाचा, उभा?"

तेव्हा मीही तो शब्द वापरायचो.

"त्यो व्हय?" भाऊसाहेब सहज म्हणाले. "त्यो दिला की भंगारात. आमच्या भाच्यानंच सांगितलं."

भाचा म्हणजे अक्षय, त्यांच्या बहिणीचा मुलगा, पुण्याला नोकरीला. काळोख झाल्यावर भाऊसाहेबांनी त्याला फोन केला. बिघाड काचेत आहे असं त्याने फोनवरून ठरवलं आणि मामांना म्हणाला, "मामा, त्यो डबा आता जुना झाला. भंगारात देऊन टाका. दिवाळीला मी पातळ घेऊन येतो."

वाचणाऱ्याला कळलं असेल. नसेल तर सांगतो. आमच्याकडे ढेरीवाल्या टीव्हीला डबा टीव्ही म्हणतात आणि ढेरीवाल्या मॉनिटरला डबा मॉनिटर. अक्षय बोलत होता तो या डब्याविषयी, त्याच्या जागी तो नवा चपटा मॉनिटर आणणार होता. मामाच्या घरात मात्र डबा म्हणजे लोखंडी पेटी. काच हा त्यांचा कॉम्प्युटर, कारण पोरगी तिथे दिसायची. मामांनी डबा दिला आणि कॉम्प्युटर जिवापाड जपला.

"घमेलं आलं त्याच्यावर," कमलताई म्हणाल्या. आमच्याकडे भंगारवाले पैशांऐवजी प्लास्टिकच्या वस्तू देतात. "चांगलं मोठं."

चहा आला होता तो तसाच राहिला. कसं सांगावं ते सुचेना, आणि सांगितल्याशिवाय इलाज नव्हता, कारण जो वेळ जात होता तो त्या पेटीच्या जिवावरचा होता. मी म्हटलं, "ताई, ही काच म्हणजे आरसा आहे. आरशापुढं माणूस उभं राहिलं तर दिसतं. आरसा आत काही ठेवत नाही."

भाऊसाहेबांना कळलं. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. कमलताईंना कळायला जरा वेळ लागला.

"म्हंजी पोरगी डब्यात हुती?"

"हो."

"आन म्या घमेलं घेतलं."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. अक्षयने चांगल्या मनाने सांगितलं, मामांनी सांगितलं ते ऐकलं. शेवटी मी तो त्या शब्दावर काढला, आणि अजून काढतो आहे.

भंगारवाला त्यांच्या ओळखीचा निघाला, त्याला फोन लावला. तो म्हणाला, माल नगरच्या गोदामात घातला, एमआयडीसीच्या बाजूला. मी शेजारच्या चहावाल्याला दुकान बघायला सांगितलं आणि भाऊसाहेबांना मोटरसायकलवर घेतलं. कमलताईंनी मॉनिटर सोडायला नकार दिला. त्या स्टुलावर त्याच्याजवळ बसून राहिल्या.

वाटेत भाऊसाहेबांनी कानाशी विचारलं, "शेठ, काच चांगली हुती, तर मग बिघडलं काय हुतं?"

काच चांगली म्हणजे दोष पेटीत. अन् पंखा फिरतो, दिवा लागतो, पण काळोख, म्हणजे बहुतेक रॅमची पट्टी. खोडरबरने दात घासले असते की वैशाली त्याच संध्याकाळी हसली असती. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "बघितल्याशिवाय काय सांगू?"

गोदाम म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे मोठं अंगण. एका बाजूला पंखे, एका बाजूला फ्रीजची दारं, एका बाजूला कॉम्प्युटरच्या पेट्या, एकावर एक रचलेल्या. अंगणात एक बाई तोंडाला फडकं बांधून बसली होती. पुढ्यात दगड आणि हातात हातोडी. पेटीतून काढलेल्या हार्ड डिस्क ती फोडत होती. हार्ड डिस्क म्हणजे पेटीतली तिजोरी समजा. हाताच्या पंजाएवढी, आणि जे काही साठवलं ते सगळं तिच्यात. वरचं कवच ॲल्युमिनियमचं असतं, त्याला भाव येतो. आतली चकती आरशासारखी चकचकीत असते, तिला कुणी विचारत नाही. बाईच्या बाजूला चकत्यांचा ढीग होता आणि उन्हात तो डोळ्यांवर येत होता.

मी पेट्यांच्या ढिगाकडे गेलो. शोधावं लागलं नाही. भाऊसाहेबांनी लांबूनच ओळखली. पेटीच्या दर्शनी बाजूला टिकल्या चिकटवलेल्या होत्या, लाल, हिरव्या, एक चंदेरी. बायका जशा आरशाला लावून ठेवतात तशा वैशालीने काम करता करता पेटीला लावल्या होत्या. भाऊसाहेबांनी पेटी उचलली. इतकी अलगद उचलली गेली की त्यांचा तोलच गेला. बाजूचा पत्रा काढलेला होता आणि आत काही नव्हतं. पट्टी नाही, पंखा नाही, डिस्क नाही.

"ह्याच्यातली वस्तू कुठं हाय?" त्यांनी बाईला विचारलं.

"टिकल्यावाला डबा न्हवं?" बाई म्हणाली. "आला त्याच दिशी खोलला. टिकल्या तेवढ्या काढू वाटंना मला."

"आन आतली?"

तिने हातोडीने ढिगाकडे दाखवलं. मग आमच्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, उठली, फडकं खाली ओढलं आणि शेडमधून एक पाटी घेऊन आली. त्यात चार-पाच न फोडलेल्या डिस्क होत्या. म्हणाली, "ह्या मागाहून आलेल्या हायेत. पर बघा तुमची हाय का. डोळ्याचं काय खरं अस्तंय का." तिला ठाऊक होतं, त्या आमच्या नाहीत. तिला आम्हाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

मी डिस्क घेतल्या. पेटी तिथेच ठेवा म्हणालो, तर भाऊसाहेब ऐकेनात. मोटरसायकलवर मागे बसून ती रिकामी पेटी त्यांनी छातीशी धरून आणली. मला पुढचं दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार, पण बायकोपुढे काहीतरी घेऊन जायला हवं होतं.

कमलताईंनी टिकल्या बघितल्या आणि धावत पायरी उतरल्या. "घावला! घावला का डबा!" त्यांनी तो नवऱ्याच्या हातातून ओढूनच घेतला आणि काढलेल्या पत्र्याच्या बाजूने आत हात घातला. कोपऱ्यापर्यंत चाचपलं. हात तसाच आत ठेवून त्या भाऊसाहेबांकडे बघत राहिल्या.

मी घाईघाईने म्हटलं, "आतली वस्तू वेगळी आणली आहे. बसा, लावून बघू."

मग मी एकेक डिस्क जोडायला लागलो. का जोडत होतो? त्यात वैशाली नाही हे मला माहीत होतं. पण कमलताई समोर बसल्या होत्या आणि त्यांना नाही म्हणायचा तो क्षण मी ढकलत होतो. एका डिस्कमध्ये कुठल्याशा दुकानाचे हिशोब निघाले. एक लागलीच नाही. एकीत पिवळी पिशवी दिसली आणि कमलताईंनी तिच्यावर बोट ठेवलं. उघडली तर कुणाच्यातरी बारशाचे फोटो. त्यांनी ते सगळे बघितले. शेवटी म्हणाल्या, "बाळ ग्वाड हाय. ह्यांनी का बरं टाकलं आसंल?"

शेवटची डिस्क जोडल्यावर टकटक करायला लागली. आतली सुई अडकली की असा आवाज येतो, म्हणजे ती कामातून गेलेली. शिवाय ती लहान होती, लॅपटॉपमधली. त्यांच्या पेटीत ती असणं शक्यच नव्हतं. पण कमलताईंनी कान तिच्याजवळ नेला.

"ही आतून वाजती, भाऊ. म्हंजी जित्ती हाय न्हवं?"

तेव्हा भाऊसाहेब माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि वर आपला रुमाल टाकला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून भाव सांगतो, विचारतो. भोवती शंभर माणसं असली तरी सौदा दोघांतच राहतो. लहानपणी मी हे बघितलं होतं, पण माझ्या हातावर रुमाल कुणी टाकला नव्हता. माझ्या डोळ्यांत बघत ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पाची बोटं म्हंजी नक्की. येक म्हंजी देवाच्या हवाली. द्या, शेठ."

मी मूठ मिटली.

त्यांनी ती बाहेरून चाचपली, एकदा फिरून चाचपली आणि सोडली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. रुमाल खांद्यावर टाकून ते बायकोला म्हणाले, "शेठ म्हनत्यात, पुन्याला धाडावी लागंल. येळ लागंल जरा."

कमलताई उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. त्यांनी पदर सोडवला, माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला. परक्या बाईने असा हात धरलेला, मी गडबडून गेलो.

"भाऊ म्हनलंय तुमाला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या संगं जल्म गेला माझा. बोटं मलाबी कळत्यात. ह्यांनी ज्ये इचारलं त्येच म्या इचारते."

त्यांची बोटं खरखरीत आणि गरम होती. ती माझी बोटं शोधत होती. एक बोट तरी द्यावं, देवाच्या हवाली म्हणून एक बोट द्यायला काय जातं, असं मला फार वाटलं. पण ते बोट धरून ही बाई रोज संध्याकाळी वाट बघत बसली असती. मी मूठ उघडली नाही. मला रडू आवरेना, ते मी आवरलंही नाही. त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांत घेऊन थोडा वेळ तशीच धरून ठेवली, जणू समजूत माझीच घालायची होती.

"समजलं," त्या म्हणाल्या, आणि पदर ओढून घेतला.

मग त्यांनी गोधडी झटकली आणि मॉनिटर पुन्हा गुंडाळायला घेतला. गाठ मारता मारता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अक्षयला ह्यातलं काय बी कळता कामा न्हाई. आपल्याला आता त्योच हाय. त्याला फोन लावा आन म्हनावं, पातळ आनू नको."

"का म्हनून सांगू?"

गाठ नीट बसली का ते त्यांनी ओढून बघितलं.

"म्हनावं, मामीला आता वैशूला बघवत न्हाई."